निसर्गचित्रण आणि ट्रम्पेट: साठीनंतर लागलेला नाद

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय ६८, मुक्काम वाई. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. सगळी नोकरी ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि कालव्यांचे नकाशे यांत गेली. रेघ जरा हलली तर ब्लेडनं खरवडून पुन्हा ओढायची, असा हात घडलेला. निवृत्तीनंतर दोन गोष्टी जवळजवळ एकदमच सुरू केल्या, जलरंगातली निसर्गचित्रं आणि ट्रम्पेट. लोक विचारतात, या दोन्हींचा मेळ कसा बसतो? म्हणून सविस्तर लिहितो.

मेणवलीचा घाट घ्या. वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून खाली उतरलं की कृष्णेचा घाट, देवळं आणि दगडी मंडपात टांगलेली ती भलीमोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा आल्या, त्यांतली ही एक. मी सकाळी लवकर जाऊन बसतो. त्या वेळी पायऱ्यांवर ऊन तिरपं असतं. पायरीचा आडवा भाग उजळ आणि उभा भाग गडद, असे सरळ पट्टे दिसतात. साडेनऊच्या पुढे ऊन चढलं की सावल्या आखडतात आणि अख्खा घाट सपाट दिसायला लागतो. चित्राला मिळतात ते मधले दोनेक तास.

आपला बसाल्टचा दगड काळ्या रंगानं रंगवला की मेलाच म्हणून समजा. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर दगडाचा खरबरीतपणा आपसूक येतो. सिएना थोडा जास्त पडला की उन्हातला दगड, निळा जास्त पडला की सावलीतला. घंटेवरचा उजेड मात्र रंगानं येत नाही. तेवढा कागद कोरा सोडायचा, आणि कुठे सोडायचा ते ब्रश टेकवण्याआधी ठरवायचं.

खरी परीक्षा आकाशाच्या वॉशची, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या सलग थराची. बोर्ड थोडा कलता ठेवायचा, मोठा ब्रश भरून घ्यायचा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टा ओढायचा. खालच्या कडेला रंगाचं पाणी साठतं, ते पुढच्या पट्ट्यात घेत घेत खाली यायचं. मध्येच हात थांबला की कड वाळते आणि कायमची रेघ उमटते. मागे जाऊन ती पुसायला गेलं तर डाग आणखी पसरतो. इथे ब्लेडनं खरवडायची सोय नाही. मे महिन्यात वॉश बघता बघता वाळतो, श्रावणात बराच वेळ ओलाच राहतो. पांडवगडाचा कडा ढगात विरतो ना, तो श्रावणातच करावा. ओल्यातच रंग सोडला की कडा आपोआप विरतो.

आता ट्रम्पेट. साताऱ्याच्या एका बँडमास्तरांकडे शिकलो. पंचाहत्तरी पार केलेले, आयुष्य वरातींत आणि गणपतीत वाजवण्यात गेलेलं. त्यांनी सुरुवातीला वाद्य हातात दिलंच नाही. नुसत्या माउथपीसवर, म्हणजे ओठ टेकवायच्या सुट्या तुकड्यावर, ओठ थरथरवायला लावले. वाद्य म्हणजे सरळ केली तर जेमतेम दीड मीटर भरेल एवढी पितळी नळी आणि तीन बटणं. दुसरं बटण सूर अर्ध्या स्वरानं उतरवतं, पहिलं एका स्वरानं, तिसरं दीड स्वरानं. बाकी सगळं ओठ आणि दमसास. मास्तर म्हणायचे, सूर आधी मनात ऐकायचा आणि मग पोटातून पुरी फुंक सोडायची. बिचकत फुंकलं की आधी नुसती हवा जाते, मग सूर फाटून बाहेर पडतो.

माझ्यासाठी दोन्हींतलं नातं इथेच आहे. साठीनंतर माणूस सगळीकडे जपून वागायला लागतो. जिना जपून, बोलणं जपून, खाणं जपून. वॉश आणि सूर या दोन ठिकाणी जपून सुरुवात केली की काम बिघडतं. ठरवायला हवा तेवढा वेळ घ्या, पण टेकवल्यावर पूर्ण टेकवा. दिवसातून दोनदा तसं वागायला मिळतं, त्यानं मला फार बरं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी यातलं काही करत असाल तर जरूर लिहा.

स्वरवेडी

काका, वाचून मेणवलीला जावंसं वाटलं! मी पेटी शिकते आणि थोडं गाते. ट्रम्पेटवर आपलं संगीत कसं बसवता? सा कुठला धरता? आणि शेजारचे काही म्हणत नाहीत का?

कृष्णाकाठ

ताई, साधारणपणे जे ट्रम्पेट मिळतं ते बी फ्लॅटचं असतं. एकही बटण न दाबता त्याचा जो सा येतो तो पेटीवरची काळी पाच. त्यावर भूप बसवायला अगदी सोपा. सा मोकळा, रे ला पहिलं आणि तिसरं बटण, ग ला पहिलं आणि दुसरं, प पुन्हा मोकळा, ध ला पहिलं-दुसरं, वरचा सा मोकळा. या रे ची एक खोड आहे, तो जात्याच चढा लागतो. म्हणून तिसऱ्या बटणाच्या नळीला सरकती जोडणी असते, ती बोटानं जरा बाहेर ढकलून रे उतरवायचा. पांढरी चारमध्ये वाजवायचं असेल तर मोकळ्या प लाच सा मानायचं.

शेजाऱ्यांसाठी मी गोधड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवतो. मऊ कापड बराच आवाज पिऊन टाकतं. म्यूट, म्हणजे वाद्याच्या तोंडात बसवायचं आवाज दाबणारं बूचही आहे, पण बंद म्यूट लावला की फुंकेला अडथळा होतो आणि सूर चढतो. रोज त्यावरच वाजवलं तर ओठांना खोटी सवय लागते. मोकळं वाजवायचं असलं की धोम धरणाच्या बाजूला जातो.

स्वरवेडी

काका, माझी पट्टीच काळी पाच आहे! आता तर ऐकायलाच हवं.

खर्जातला

एक भर घालतो. ट्रम्पेटवर बटण न दाबता जे सूर निघतात ते नळीचे नैसर्गिक सूर: सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. हा वरचा ग म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा सूर. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार (आपोआप उमटणारा ग) ऐकू येतो, तोच हा. पेटीतला ग त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंटनं चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). पाश्चात्त्य वादकांना हा मोकळा ग उतरलेला वाटतो, ते तो ओढून वर घेतात. आपण तंबोऱ्याबरोबर वाजवत असू तर तो आहे तिथेच ठेवावा. काका, तंबोरा लावून हा सूर लांब धरून पाहा.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, मात्र या वाद्यावर कठीण. बटण अर्धं दाबून आणि ओठ सैल करत थोडी घेता येते, पण सूर घुसमटतो. सनई-बासरीसारखं बोट अलगद उचलायची सोय नाही. त्यामुळे माझ्या मते धुना, भजनं, आलापातले लांब सूर ठीक. पूर्ण रागविस्ताराचा आग्रह धरू नये.

कृष्णाकाठ

खर्जातले, आज सकाळी तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून तो वरचा ग धरला. आधी पेटीच्या सवयीनं ओठ आवळून वर नेला तर कानाला थरथर जाणवत होती. ओठ सोडले, सूर किंचित खाली आला आणि थरथर थांबली. तंबोऱ्यात तो असा मिसळला की माझा सूर कुठला आणि तारेचा कुठला ते सांगता येईना. इतके दिवस हे वाद्य हातात आहे आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. मींडेबद्दल पूर्ण सहमत.

एकमार्गी

काकांचा उत्साह कौतुकास्पद आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. एका कलेला आयुष्य पुरत नाही. कोल्हापुरात आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तेच पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. नाशिकचा गोदाघाट म्हटला की शिवाजी तुप्यांची चित्रं आठवतात. त्या उंचीची एकाग्रता दोन दगडांवर पाय ठेवून येते का? उतारवयात वेळ कमी, म्हणून तर एकच धरावं.

खर्जातला

एकमार्गी, उलट उदाहरणंही आहेत, आणि तीही नेमकी ट्रम्पेटवाल्यांची. माइल्स डेव्हिस १९८० च्या दशकात चित्रकलेकडे गंभीरपणे वळले. 'स्टार पीपल' या १९८३ च्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर त्यांचीच रेखाटनं आहेत. हर्ब अल्पर्ट यांचा जन्म १९३५ चा. ट्रम्पेटवादक म्हणून जगभर नाव, आणि त्याच्या जोडीला अनेक दशकं चित्रं आणि शिल्पं.

कृष्णाकाठ

एकमार्गी, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. आबालाल मास्तरांचं नाव काढलंत, त्यांच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांपुढे मी नुसता उभा राहतो. पण मला त्या उंचीवर जायचं नाही. मला रोज सकाळी उठून करावंसं वाटेल असं काम हवं होतं, आणि दोन्ही असल्यामुळे ते टिकलं आहे. ओठ वीसेक मिनिटांत थकतात. थकल्यावर रेटून वाजवलं तर माउथपीस दातांवर दाबला जातो आणि दुसऱ्या दिवशीचा सूरही जातो. जितकं वाजवायचं तितकंच थांबायचं, असा मास्तरांचा दंडक. त्या थांबण्याच्या वेळात मी पेन्सिलनं छोटी टिपणं करतो: उजेड कुठे, अंधार कुठे, मधला टोन कुठे. आणि पावसाच्या झडीत बाहेर बसता येत नाही तेव्हा ट्रम्पेट साथ देतं.

हळदोणेकर

देव बरें करूं, काका! गोंयचो मनीस हांव, ट्रम्पेटचं नाव आलं आणि राहावलं नाही. आमच्याकडे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेजो (नोटेशन वाचून सूर गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे. गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बँड असायचाच. या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईला गेले आणि हॉटेलांत, मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. नोटेशन वाचता येणारे ते लोक. माझ्या हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट. ट्रम्पेटवर असे काही वाजवायचे की त्यांना मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड होता.

आणि इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांनी मिळून हिंदी सिनेमात जाझची लय आणली. 'अलबेला' (१९५१) मधली गाणी पुन्हा ऐका आणि या वेळी गायकाकडे लक्ष देऊ नका, मागच्या ट्रम्पेटकडे द्या. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी हेही आमचेच ट्रम्पेटवाले. ख्रिस पेरींनी गायिका लॉर्नाच्या आवाजासाठी जी कोंकणी गाणी केली, ती आजही प्रत्येक लग्नात वाजतात. ही माणसं पडद्यामागे राहिली, त्यांची नावं घेतली जावीत असं मला फार वाटतं.

नेत्रवैद्य

काकांना आणि इतर ज्येष्ठांना एक काळजीपूर्वक सूचना. ट्रम्पेटसारख्या फुंकेला जास्त अडथळा करणाऱ्या वाद्यात, विशेषतः उंच आणि जोरकस सूर धरताना, डोळ्यांतला दाब वाढतो. थांबल्यावर तो उतरतो, पण काचबिंदू असेल किंवा घरात कोणाला असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या आणि आपण हे वाद्य वाजवतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हर्निया आणि रक्तदाबाबद्दलही तसंच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाद्याला हात लावू नका.

काका, तुम्ही चित्रकार म्हणून विचारते, तुमची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का? रंगांत फरक जाणवला?

कृष्णाकाठ

डॉक्टर, सूचनेबद्दल आभार. दाब तपासलेला आहे, दर वर्षी तपासतो.

मोतीबिंदूबद्दल विचारलंत ते बरं झालं. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये काही आठवड्यांचं अंतर होतं. तेव्हा घरातला कोरा कागद उजव्या डोळ्यानं पाहिला तर पांढराशुभ्र, डाव्या डोळ्यानं पाहिला तर चहा सांडून वाळल्यासारखा. आकाशाचंही तेच. उजव्या डोळ्याला निळा स्वच्छ आणि गार, डाव्याला मळकट. मी दोन्ही डोळे आळीपाळीनं झाकून पॅलेटवरचे सगळे रंग पाहत बसलो होतो. सेरुलियन आणि कोबाल्ट या दोन निळ्यांतला फरक एका डोळ्याला दिसत होता आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही.

नेत्रवैद्य

अगदी बरोबर. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडतं आणि निळ्या-जांभळ्या उजेडाला अडवतं. बदल इतका हळू होतो की माणसाला कळत नाही. फ्रेंच चित्रकार मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं होतं. शस्त्रक्रिया त्यांनी १९२३ पर्यंत लांबवली. मधल्या वर्षांतल्या त्यांच्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग किती गडद होत गेले ते पाहण्यासारखं आहे.

लीड्सकर

काका, इंग्लंडच्या उत्तरेकडून नमस्कार. इथे यॉर्कशर-लँकशरमध्ये खाणी आणि गिरण्यांच्या गावांनी ब्रास बँड उभे केले. खाणी बंद झाल्या तरी बरेच बँड टिकले. यांत ट्रम्पेट नसतं, कॉर्नेट असतं. सूर तोच बी फ्लॅट, नळीची लांबी तीच, पण ती हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे आवाज जास्त गोल आणि मऊ. या बँडांचं एक शहाणपण सांगतो. बेस ट्रॉम्बोन सोडला तर सूरवाद्यांचं जवळजवळ सगळं नोटेशन एकाच पद्धतीनं लिहितात. कॉर्नेट वाजवणाऱ्याला उद्या ट्यूबा दिला तरी बोटं तीच. म्हणून वय झालं, ओठांना उंच सूर झेपेनासे झाले की लोक सोडून देत नाहीत, खालच्या सुराच्या मोठ्या वाद्याकडे सरकतात. आमच्या गावच्या बँडमध्ये आजोबा आणि नात शेजारी बसून वाजवतात.

निसर्गचित्रणाचं म्हणाल तर इथून जवळ ओटली म्हणून गाव आहे. इंग्लिश चित्रकार टर्नर तिथल्या फार्नली हॉलमध्ये मित्राकडे येऊन राहायचे. आल्प्स ओलांडणाऱ्या सेनापती हॅनिबलचं त्यांचं १८१२ चं चित्र आहे ना, त्यातलं वादळ इथल्या टेकडीवर पाहिलेलं, असं सांगतात.

लक्ष्मीरोडचा

बँडमास्तरांबद्दल वाचून भरून आलं. लहानपणी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मानाच्या गणपतींपुढे प्रभात बँड ऐकायला उभे राहायचो. हल्ली स्पीकरच्या भिंती आल्या आणि गावोगावच्या छोट्या बँडांचं काम आटलं. कितीतरी उत्तम वादक आज रिक्षा चालवतात, भाजी विकतात. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आधी आपल्या गावातला असा वादक शोधावा. त्याला पुरेसे पैसे द्यावेत आणि मानानं घरी बोलवावं.

कृष्णाकाठ

अगदी मनातलं बोललात. माझे मास्तर नोटेशन वाचत नाहीत, पण एकदा कानावर पडलेली चाल आयुष्यभर विसरत नाहीत. वाद्य त्यांचं मेरठचं, पितळ घासून घासून पातळ झालेलं. मेरठची जली कोठी म्हणजे आपल्या देशातल्या बँडवाद्यांचं माहेरघर. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासून आहे. मी मास्तरांना गुरुपौर्णिमेला घाटाचं चित्र दिलं. त्यांनी ते भिंतीवर लावलं आणि विचारलं, "घंटेत उजेड कुठून आणलास?" कागद कोरा सोडला म्हटल्यावर म्हणाले, "आम्ही पण दोन सुरांच्या मध्ये सोडतो."

पन्नाशीपार

दादा, मी ५८ वर्षांची. शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली होती, त्यानंतर ब्रश हातात नाही. ट्रम्पेटचंही मनात आलंय, पण वरचे पुढचे दोन दात डळमळीत आहेत. कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठ

ताई, चित्रासाठी आधी कागदावर खर्च करा, रंगांवर नंतर. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), पूर्ण कॉटनचा कागद घ्या. साध्या लगद्याच्या कागदावर पाणी टिकत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपलाच हात वाईट. रंग पाच-सहा पुरेत: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक लाल, एक लिंबू पिवळा. आपल्या कॅमलच्या ट्यूबांनी छान सुरुवात होते. एक मोठा मऊ गोल ब्रश, एक चपटा. महिनाभर नुसते एका रंगाचे वॉश करा, चित्र नको.

दातांचं मात्र आधी बघा. माउथपीस पुढच्या दातांच्या आधारावरच टेकतो. दंतवैद्यांना वाद्याबद्दल सांगा आणि पुढच्या दातांना हात लावण्यापूर्वी साचा घेऊन ठेवायला सांगा. पितळी वाद्यं वाजवणारे बरेच जण असा साचा जपून ठेवतात, म्हणजे नवा दात जुन्याच आकाराचा बसवता येतो. पूर्ण कवळी असलेलेही वाजवतात, पण ओठांची ठेवण नव्यानं बसवावी लागते. नवीन स्वस्त वाद्य ऑनलाइन मागवू नका, बटणं अडकतात आणि मन उडतं. चांगल्या कंपनीचं जुनं विद्यार्थी मॉडेल मिळालं तर उत्तम. बटणांना तेल रोजच्या रोज.

पन्नाशीपार

कागद मागवला! दाताच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे. वाईला आले तर घाटावर शेजारी बसून बघता येईल का?

कृष्णाकाठ

अवश्य या. दिवाळीनंतरचे रविवार सगळ्यांत चांगले, हवा कोरडी असते आणि ऊन कोवळं. सकाळी सात वाजता मेणवलीला वाड्याच्या दाराशी भेटू. बोर्ड आणि पाणी माझ्याकडे असेल. बसायला छोटं स्टूल आणि टोपी तेवढी घेऊन या. स्वरवेडी ताई, तुम्हीही या आणि पेटी आणा. चित्रं आटोपली की धोमला जाऊन काळी पाचमध्ये भूप वाजवू. मास्तरांना विचारलं आहे, त्यांनी हो म्हटलंय.